चहातला 'च' आणि चवीतला 'च'

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील प्राथमिक शाळांच्या व्यवस्थापन समित्यांचे सर्व सदस्य

विषय: पहिली ते तिसरीच्या मुलांचे वाचन आणि त्याची तपासणी

सप्रेम नमस्कार.

पत्र पुढे वाचण्याआधी एक छोटी विनंती आहे. 'चहाची चव बिघडली' हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहा. 'चहा' म्हणताना जीभ टाळूला लागते, 'चव' म्हणताना ती पुढे सरकून दातांच्या मागे टेकते. हे दोन वेगळे उच्चार आहेत, पण लिहिताना दोन्हींसाठी एकच 'च' येतो आणि त्याच्यावर किंवा खाली वेगळी खूण नसते. 'जग' या शब्दाचेही तसेच आहे. 'सारे जग' मधला 'ज' वेगळा आणि 'सुखाने जग' मधला वेगळा. तुम्ही दोन्ही वाक्ये न अडखळता वाचलीत, कारण हे शब्द पाटीवर भेटण्याच्या कितीतरी आधी तुमच्या कानात आणि तोंडात होते. अक्षराने फक्त आठवण करून दिली, उच्चार तुमच्याकडचाच होता. मूल वाचायला शिकते ते असेच, आणि त्यासंबंधी चार गोष्टी तुमच्यापुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी या जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या गावांत एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि त्यातली बहुतेक वर्षे पहिली-दुसरीच्या वर्गावर काढली. अधिकाऱ्यांना पत्रे नोकरीत असताना पुष्कळ लिहिली आणि त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे नीट लावून ठेवलेल्या आहेत. या वेळी तुम्हाला लिहिण्याचे कारण कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम याच समितीकडे दिले. त्या आराखड्यात संडासाची दुरुस्ती येते, कुंपण येते, संगणक येतो. वाचनाचा विषय मात्र 'आमचं पोरगं कधी वाचणार?' या एका प्रश्नावर येऊन थांबतो, आणि त्याचे उत्तर अलीकडे मिनिटाला किती शब्द, या आकड्यात दिले जाते.

तो आकडा कुणी उगाच काढलेला नाही. लहान मुलांना वाचन आणि गणित पक्के यावे म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा ठेवलेली आहे. वेगाला कारण आहे. एकेक अक्षर ओळखण्यातच सगळे लक्ष खर्ची पडले तर वाक्याच्या शेवटाशी पोचेपर्यंत सुरुवात मनातून निसटून जाते आणि अर्थ लागत नाही. त्यामुळे वाचन सरावाने सहज व्हायला हवे, याबद्दल माझे दुमत नाही. अडचण आहे ती 'समजून' या शब्दाची, कारण घड्याळ लावून वेग मोजता येतो, समज मोजायला मुलाशी बोलावे लागते आणि बोलायला वेळ लागतो.

निवृत्तीनंतर एका डोंगराळ भागातल्या शाळेत मी सहज म्हणून गेले होते आणि त्या दिवशी नेमकी वाचनाची तपासणी चालू होती. तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. तिच्या हातातल्या उताऱ्यात समुद्रकाठचे एक गाव होते आणि पहिलेच वाक्य 'बंदरात मोठे जहाज आले' असे होते. मुलीने सगळा उतारा एका दमात, पूर्णविरामांना थांबत, स्वच्छ आवाजात वाचला. मोबाइलवरचे घड्याळ थांबले, आकडा लिहिला गेला आणि तो चांगलाच होता. मी तिला जवळ बोलावून विचारले, "जहाज कुठं आलं गं?" ती म्हणाली, "माकडांच्यात." मला आधी कळलेच नाही, मग लक्षात आले की टीव्हीवरची हिंदी कार्टून बघणाऱ्या या मुलीला 'बंदर' हा शब्द फक्त माकड म्हणून माहीत होता. समुद्र तिने पाहिलेला नव्हता आणि जहाजे जिथे लागतात त्या जागेलाही एक नाव असते हे तिच्याशी कधी कुणी बोललेले नव्हते. माकडांच्यात जहाज कशाला येईल, असे विचारल्यावर ती म्हणाली, "गोष्ट हाय की, गोष्टीत येतंय."

या मुलीला मी नापास करणार नाही, तिने तर वाचणाऱ्याने जे करायचे असते तेच केले होते. समोरच्या खुणेला तिने स्वतःजवळच्या माहितीशी जोडले, आणि जोडणी चुकली ती माहिती अपुरी होती म्हणून. पण तिच्या नावापुढे जो आकडा गेला त्यात यातले काहीच दिसत नाही. पाचवीत भूगोलाच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकात असे दहा-पंधरा 'बंदर' एका पानावर आले की हीच मुलगी गप्प होईल, आणि तेव्हा आपण म्हणू की हिचे अभ्यासात लक्ष नाही.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये ही गोष्ट एका साध्या गुणाकारात मांडली. खुणांवरून शब्द उलगडण्याची क्षमता गुणिले बोललेली भाषा समजण्याची क्षमता, म्हणजे वाचून समजणे. त्यांनी बेरीज मांडली नाही, गुणाकार मांडला, हे महत्त्वाचे आहे. बेरजेत एक बाजू दुसरीची उणीव भरून काढते, पण गुणाकारात एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असून उत्तर शून्यच येते. अक्षरओळख नसलेल्या मुलाला कितीही गोष्टी सांगितल्या तरी तो वाचणार नाही, आणि अक्षरे घोटून पाठ झालेल्या मुलाजवळ शब्दांचा आणि जगाचा साठा नसेल तर तोही वाचणार नाही, केवळ उच्चारत राहील.

या साठ्याचे वजन किती असते हे दाखवणारा एक प्रयोग १९८८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचायला दिले. काही मुले वाचनात हुशार होती, काही कच्ची होती, आणि दोन्हींत बेसबॉल जाणणारी आणि न जाणणारी अशी मुले होती. वाचून झाल्यावर मैदानाच्या लहानशा प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून काय घडले ते त्यांनी दाखवायचे होते. खेळ जाणणारी 'कच्ची' मुले, खेळ न जाणणाऱ्या 'हुशार' मुलांच्या पुढे गेली.

आपल्याला बेसबॉलचे काय, असे कुणी म्हणेल. तर तालमीत जाणाऱ्या एखाद्या चौथीतल्या पोराला खासबाग मैदानातल्या कुस्तीची बातमी वाचायला द्या. 'एकेरी पट काढून कब्जा घेतला आणि घिस्सा मारून चितपट केले' हे वाक्य तो वाचेल आणि उठून करूनही दाखवेल. तेच वाक्य पुण्या-मुंबईहून आलेल्या, मराठी उत्तम वाचणाऱ्या माझ्या एका पदवीधर नातेवाइकाने वाचले, सगळे शब्द बरोबर उच्चारले, आणि मग मला विचारले, "पट म्हणजे कापड ना?" पाठ्यपुस्तकासमोर हेच पोर 'वाचनात मागे' ठरते. तिथे त्याच्या ओळखीचे जग क्वचितच येते एवढेच त्याचे कारण.

वर्गातला एक प्रसंग मला नेहमी आठवतो. उसाच्या हंगामात बीडकडून तोडणीला आलेल्या कुटुंबांची मुले दोन-तीन महिने माझ्या वर्गात बसत. त्या वर्षी दुसरीला लाकूडतोड्याची गोष्ट होती आणि फळ्यावर मी 'मोळी' हा शब्द लिहिला होता. मोळी म्हणजे काय, असे विचारताच कोपीवरून, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीतून, येणारा मुलगा म्हणाला, "उसाची असती. आई डोक्यावर घेती, फळीवरनं चढून गाडीत टाकती." त्याच्या शेजारचा गावातला मुलगा हसला आणि म्हणाला, "मोळी डाव हाय, काका टाकतोय." तिसऱ्या एका मुलीच्या घरी चुलीसाठी जळणाची मोळी येत असे. तीन मुले, तीन मोळ्या, आणि पुस्तकातली मोळी त्यांपैकी फक्त एकीच्या घरची. मी गोष्ट बाजूला ठेवली आणि तिघांना आपापली मोळी सांगायला लावली. बांधलेली, आवळलेली, सुटू न देणारी अशी काहीतरी ती वस्तू आहे हे वर्गानेच शोधून काढले, कारण कुस्तीतही समोरच्याला आवळूनच धरतात. मग 'मो' वरची मात्रा आणि 'ळी' ची वेलांटी दाखवायला मला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. तोडणीवरचा तो मुलगा तोपर्यंत वर्गात एक शब्द बोलला नव्हता. त्या दिवशी त्याने 'मोळी' सात वेळा लिहिली, कोणी न सांगता, आणि खाली 'पाचट' लिहायचा प्रयत्न करून 'पाचट' चा 'ट' उलटा काढला.

उलट उदाहरण वर्गाच्या भिंतीवर असते. 'य' शेजारी यज्ञाचे चित्र असलेला तक्ता मी वर्षानुवर्षे वापरला. एका पोराने त्याच्याकडे बोट दाखवून ठणकावून सांगितले, "शेकोटीतला य." आपण हसतो, पण पोराचे काय चुकले? चित्रात विटांच्या चौकोनात जाळ होता आणि भोवती माणसे बसली होती, थंडीत त्याच्या घरासमोर रोज दिसायचे तसेच. खूण ज्या शब्दाला टेकवायची तो शब्दच मुलाजवळ नसेल तर तक्ता त्याला उलट चुकीचे शिकवतो. इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गातले तक्ते तर याहून नवलाचे आहेत. कोल्हापुरातले चार वर्षांचे मूल 'आय' साठी इग्लू आणि 'एक्स' साठी झायलोफोन पाठ करते. ती वस्तू त्याने पाहिलेली नाही, त्याच्या आईवडिलांनीही पाहिलेली नाही, आणि त्या शब्दात 'एक्स' चा उच्चार 'झ' होतो हे सांगायला कोणी मोकळे नाही.

आपल्या लिपीची एक खोच इथे सांगायला हवी, कारण ती पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. देवनागरीतले प्रत्येक साधे व्यंजन पोटात 'अ' घेऊन येते, पण बोलताना आपण तो 'अ' ठिकठिकाणी गाळतो. 'कसरत' लिहिताना क, स, र, त अशी चार पूर्ण अक्षरे येतात आणि म्हणताना 'कस्-रत्' असे दोनच ठोके पडतात. कुठला 'अ' ठेवायचा आणि कुठला गिळायचा हे लिपी सांगत नाही. नुकते वाचायला लागलेले मूल आधी 'क... स... र... त...' असे सुटे म्हणते, मग थबकते, आणि एकदम त्याचा चेहरा उजळतो: "कसरत!" तो थबकण्याचा क्षण म्हणजे मूल कानातल्या शब्दांच्या साठ्यात डोकावून पाहत असते. शब्द तिथे असेल तर सापडतो. नसेल तर ते चार सुट्या अक्षरांवरच राहते आणि आपण त्याला म्हणतो, "जोडून वाच, जोडून!" कशाशी जोडायचे, हा त्याचा प्रश्न असतो. अनुस्वाराचीही तीच कथा आहे. आंब्यातले टिंब 'म्' सारखे वाजते, कंदिलातले 'न्' सारखे, आणि शिक्षकाने नियम सांगण्याआधीच पोरे ते बरोबर म्हणतात, कारण आंबा त्यांनी खाल्लेला असतो.

माझ्या म्हणण्याचा एक चुकीचा अर्थ काढला जाण्याची शक्यता आहे, म्हणून थोडे थांबते. मुलांना आधीचे ज्ञान असले की ती अंदाजाने वाचतील, अक्षरे पक्की करायची गरज नाही, असे मी म्हणत नाही. असा विचार जगात काही काळ जोरात होता आणि त्यात मुलांचे नुकसान झाले. चित्र बघून किंवा वाक्याच्या सुरुवातीवरून पुढचा शब्द ठोकून देण्याची सवय ही कच्च्या वाचकाची सवय आहे. तरबेज वाचकाची नजर तपासली तर ती वाक्यातल्या बहुतेक महत्त्वाच्या शब्दांवर खरोखर टेकत जाते, ती फक्त झपाट्याने टेकते. अक्षर आणि आवाज यांची सांगड रोज, नेमाने, क्रमाने शिकवावीच लागते. त्या सांगडीचे दुसरे टोक मुलाच्या घरून, रानातून, गल्लीतून आलेल्या शब्दाला बांधावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्याला वेळही द्यावा लागतो. इंग्रजीची अक्षरे २६, आपली बाराखडी लिहून काढली तर चारशेच्या वर खुणा होतात, त्यात जोडाक्षरे वेगळी. 'कि' मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तोंडाला नंतर म्हणायची असते. 'र' तर 'सूर्य' मध्ये डोक्यावर बसतो, 'चक्र' मध्ये पायाशी जातो आणि 'दऱ्या' मध्ये तिसरेच रूप घेतो. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास करून दाखवले की अशा लिपीत अक्षरांवरची पकड चौथी-पाचवीपर्यंत वाढतच राहते. कन्नड आपल्या शेजारची भाषा आहे आणि तिची लिपी वेगळ्या वळणाची असली तरी घडण आपल्यासारखीच आहे. तेव्हा पहिलीच्या दिवाळीत 'अजून वाचत नाही' म्हणून मुलाची दुसऱ्यांपुढे शोभा करू नये.

घरच्या बोलीबद्दल मला जरा कडक लिहायचे आहे. पुस्तकात 'येथे' असताना मूल 'हितं' वाचते आणि मोठी माणसे त्याला झापतात. वास्तविक त्याने 'येथे' हा शब्द नुसता ओळखला नाही, तो समजून आपल्या भाषेत आणला. त्याला म्हणावे, "बरोबर, हितं म्हणजेच येथे, आता पुस्तकात कसं लिहिलंय ते बघू." या एका वाक्याने दोन्ही शब्द त्याचे होतात. झापल्याने तो एवढेच शिकतो की आपल्या घरी बोलतात ते शाळेत चालत नाही, आणि मग त्याच्याजवळचा सगळा साठा तो दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवतो.

हे विचार परदेशातून आणून तुमच्या माथी मारत आहे असे समजू नका. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले तेव्हा आदिवासी मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द आपल्याला दिला. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलाच्या अनुभवाला अभ्यासात स्वतःची जागा दिली. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर रोज प्रत्येक मुलाला विचारत की तुला आज कोणता शब्द हवा, तो पुठ्ठ्यावर लिहून देत, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला तो ओळखता आला नाही तर टाकून देत, कारण तो त्याच्या मनातला नव्हता. मी हे गुळाच्या हंगामात करून पाहिले. मुलांनी मागितलेल्या पहिल्या दिवसाच्या शब्दांत काहील, काकवी, चिपाड, चुलवाण आणि 'मोटरसायकल' होते. 'मोटरसायकल' मागणाऱ्याला अजून धड 'क' सुद्धा येत नव्हता, पण तो लांबलचक शब्द दुसऱ्या दिवशी त्याने पुठ्ठ्यांच्या ढिगातून काढून दाखवला, आणि त्यातला 'क' मग वेगळा शिकवावा लागला नाही.

१९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती. आज मुले शाळेत येतात. आता तुमच्याकडून मला दंड नको, वेळ हवा आहे, आणि तोही थोडाच.

शाळेत वाचनाची तपासणी होईल तेव्हा प्रत्येक मुलाला वाचून झाल्यावर निदान दोन प्रश्न विचारले जावेत आणि उत्तरे त्याच्याच शब्दांत, बोलीत असली तरी, आकड्याशेजारी लिहून ठेवावीत, असा ठराव समितीने करावा. 'माकडांच्यात' असे लिहिलेले एक उत्तर शिक्षकाला पुढच्या आठवड्याचे काम नेमके दाखवून देते. शाळेला वर्षाला मिळणाऱ्या अनुदानातून रंगीत तक्त्यांचा आणखी एक संच घेण्याऐवजी पुठ्ठे, जाड शाईची पेने आणि मोठा कागद घ्या, म्हणजे मुलांनी सांगितलेल्या चार-चार ओळी शिक्षक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावू शकतील. आमच्या शाळांत तक्ते नेहमी शिक्षकांच्या डोळ्यांच्या उंचीवर लागतात, हे मी स्वतः वीस वर्षे केले आहे.

आणि तुमच्यातल्या ज्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नाही त्यांनी हे काम आपले नव्हे असे समजून मागे राहू नये. गुळव्याने वर्गात अर्धा तास येऊन रसाला कढ कसा येतो आणि पाक झाला हे कसे ओळखायचे ते सांगावे. चपला शिवणाऱ्याने कातडे कसे कमावतात ते सांगावे. गोठ्यातले, बाजारातले, शेतातले कोणीही चालेल. घरी संध्याकाळी गाण्याच्या भेंड्या खेळा, कारण शेवटचे अक्षर ऐकून त्यावरून नवे गाणे काढताना मूल शब्दातला आवाज सुटा करायला शिकते, आणि पाटीवर अक्षर गिरवण्याआधी तेच यायला हवे असते. कोडी घाला. रानात जाताना झाडाचे, पिकाचे, अवजाराचे नाव घ्या आणि ते कशासाठी असते ते सांगा. यातला प्रत्येक शब्द पुढे कुठल्या तरी पानावर तुमच्या मुलाची वाट बघत असणार आहे.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर तुमच्या समितीची पहिली बैठक होईल. त्या बैठकीत विषयपत्रिकेवर 'वाचन' हा एक वेगळा मुद्दा घ्यावा, एवढी विनंती आहे. मला बोलावलेत तर एसटीने येता येईल अशा कोणत्याही गावी मी येईन, मानधन नको. येताना ती 'मोळी' लिहिलेली वही घेऊन येईन. पोराने ती हंगाम संपताना माझ्याकडेच ठेवली होती, पुढच्या वर्षी येतो म्हणून सांगून. पुढच्या वर्षी त्याच्या आईवडिलांना दुसऱ्या कारखान्याची तोड मिळाली.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कोल्हापूर